विश्लेषण : चार पेन्सिल सेलवर जग जिंकणारा ‘गेम बॉय’ आणि तो घडवणारे गुनपेई योकोई

मोबाइलवर जुना ‘मारिओ’ उघडला की पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात अधिकच्या चिन्हासारखे बटण दिसते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. डावा अंगठा आपोआप तिथे जातो. नव्वदच्या दशकात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे बटण टीव्हीला जोडायच्या व्हिडीओ गेमच्या रिमोटवर भेटले. बीड, परळी, अंबाजोगाईसारख्या गावांतल्या खेळण्यांच्या दुकानांत आणि जत्रेतल्या पालांवर ‘९९९९ इन १’ असे छापलेला ‘ब्रिक गेम’ही तेव्हा मिळायचा. त्यात ९९९९ खेळ कधीच नव्हते. मोजके पाच-दहा खेळ वेगवेगळ्या वेगाने पुन्हा पुन्हा येत. पण पेन्सिल सेल घातले की तो विजेशिवाय आणि टीव्हीशिवाय चालायचा, आणि पोरांना तेवढे पुरेसे होते.

टीव्हीवरचा तो रिमोट आणि हा ब्रिक गेम, दोन्ही चीन-तैवानकडून आलेल्या स्वस्त नकला होत्या. दोन्हींच्या मुळाशी गेले की जपानमधील क्योटो शहरातले एकच नाव सापडते : गुनपेई योकोई. स्वस्त, जुन्या झालेल्या सुट्या भागांतून नवी वस्तू उभी करणारा हा अभियंता १९९७ मध्ये वयाच्या ५६व्या वर्षी रस्त्यावरच्या अपघातात गेला.

गुनपेई योकोई कोण होते?

जन्म १० सप्टेंबर १९४१, क्योटो. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. अभ्यासात ते चमकदार नव्हते. मोठ्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी नोकरी नाकारल्यावर १९६५ मध्ये ते घराजवळच्या एका कंपनीत लागले. तिचे नाव निन्टेंडो.

तेव्हाची निन्टेंडो म्हणजे पत्त्यांचा कारखाना. १८८९ पासून ही कंपनी ‘हानाफुदा’ हे फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते बनवत होती. संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची हे अध्यक्ष होते. धंदा वाढवण्यासाठी त्यांनी टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट शिजणारा भात विकून पाहिला. काहीच जमले नव्हते. योकोई यांचे काम पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्याचे होते. यंत्रे फारशी बिघडत नसत, त्यामुळे हाताला भरपूर वेळ होता.

त्या मोकळ्या वेळात त्यांनी कारखान्यातच एक खेळणे बनवले. कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांची जाळी. मुठी जवळ आणल्या की ती लांब पसरते आणि टोकाचा चिमटा समोरची वस्तू पकडतो. अध्यक्षांनी त्यांना ते खेळताना पाहिले आणि बोलावणे पाठवले. कामाच्या वेळेत टिवल्याबावल्या केल्याबद्दल आता खरडपट्टी निघणार, असे योकोई यांना वाटले. यामाउची यांनी उलट ते विक्रीसाठी तयार करायला सांगितले. १९६६ च्या अखेरीस ‘अल्ट्रा हँड’ बाजारात आला आणि दहा लाखांहून जास्त खपला. देखभाल करणारा कर्मचारी खेळणी बनवणारा झाला. कंपनीची दिशाही तिथून बदलली.

पुढची काही वर्षे अशीच गेली. घरात खेळता येईल असे चेंडू फेकणारे यंत्र आले. १९६९ मध्ये ‘लव्ह टेस्टर’ आला : दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत यंत्राची एकेक मूठ घ्यायची आणि अंगातून जाणारा क्षीण विद्युतप्रवाह काट्यावर ‘प्रेम’ म्हणून पाहायचा. शास्त्र म्हणून याला काडीचा अर्थ नाही. पण त्या काळच्या जपानमध्ये तरुण-तरुणींना चारचौघांत हात धरायला मिळालेले ते निमित्त होते. योकोई यांना त्या काट्यापेक्षा हातांत जास्त रस होता. ही खोड त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते.

त्यानंतर शार्प कंपनीच्या सौरघटांचा उपयोग करून त्यांनी प्रकाशाने नेम धरणाऱ्या बंदुका केल्या. १९७३ मध्ये ओस पडलेल्या बोलिंगच्या दालनांत मोठ्या पडद्यावर नेमबाजी सुरू झाली. त्याच वर्षी तेलसंकट आले, ऑर्डरी रद्द झाल्या आणि निन्टेंडो कर्जात रुतली.

आगगाडीतला कॅल्क्युलेटर...

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस योकोई बुलेट ट्रेनने प्रवास करत होते. शेजारी एक कंटाळलेला नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबत बसला होता. प्रवासात, कोणाच्या लक्षात न येता, तळहातात लपेल असा खेळ या माणसाला दिला तर?

ही कल्पना अध्यक्षांपर्यंत पोहोचण्याची कथाही मजेशीर आहे. एके दिवशी यामाउची यांचा चालक आजारी पडला आणि गाडी चालवायला योकोई यांना बसवले गेले. खेळणी बनवणाऱ्या विभागप्रमुखाने चालक व्हावे हे त्यांना रुचले नव्हते. निदान कामाचे काही बोलावे म्हणून त्यांनी वाटेत ही कल्पना सांगितली. यामाउची यांनी विशेष प्रतिसाद दिला नाही. पण त्याच दिवशीच्या बैठकीत शार्पचे प्रमुख त्यांच्या शेजारी बसले होते, आणि काही दिवसांनी शार्पचे अधिकारी निन्टेंडोच्या दारात हजर झाले.

शार्पला गरज होतीच. शार्प आणि कॅसिओ यांच्या कॅल्क्युलेटर युद्धात एलसीडी पडदे आणि चिप बनवण्याची क्षमता प्रचंड वाढली होती आणि किमती कोसळल्या होत्या. एकेकाळी महाग असलेला भाग आता मातीमोल भावाने मिळत होता. योकोई यांना हेच हवे होते.

२८ एप्रिल १९८० रोजी ‘गेम अँड वॉच’ मालिकेतला पहिला खेळ ‘बॉल’ आला. चेंडू झेलणारा एक माणूस, दोन बटणे, आणि खेळत नसाल तेव्हा घड्याळ. पडद्यावरची चित्रे आधीच कोरलेली असत. कॅल्क्युलेटरवर आठचा आकडा जसा तुकड्यातुकड्यांनी उजळतो, तसाच माणसाचा हात इथे उजळे. नवा शोध असा त्यात काहीच नव्हता. मालिकेची विक्री पुढे ४ कोटी ३४ लाखांवर गेली आणि कंपनीवरचे कर्ज फिटले.

अधिकच्या चिन्हाचे बटण कुठून आले?

इथे थोडे आर्केडकडे वळावे लागते. नाणे टाकून खेळायची यंत्रे तेव्हा जपान-अमेरिकेत जोरात होती. निन्टेंडोने अमेरिकेला ‘रडार स्कोप’ नावाची सुमारे ३००० यंत्रे पाठवली. त्यांतली २००० विकलीच गेली नाहीत. त्याच खोक्यांत नवा खेळ बसवून माल काढायचा, असे ठरले. काम एका तरुण चित्रकाराकडे, शिगेरू मियामोतो यांच्याकडे आले आणि देखरेख योकोई यांच्याकडे. १९८१ मध्ये त्यातून ‘डाँकी काँग’ निघाला. त्यातला टोपीवाला सुतार म्हणजेच पुढचा मारिओ.

आर्केडच्या यंत्राला उभा दांडा असतो. तो मुठीत धरून चहूकडे ढकलता येतो. हाच खेळ ‘गेम अँड वॉच’वर आणायचा तर दांड्याचे काय करायचे? यंत्र पुस्तकासारखे मिटणारे होते. दांडा ठेवला तर झाकण लागणार नाही, आणि खिशात तो मोडेल. चार सुटी बटणे दिली तर कोणते कुठे आहे हे बघायला खेळणाऱ्याची नजर पडद्यावरून हटते.

योकोई यांनी चारही दिशा एकाच तुकड्यात आणल्या. अधिकच्या आकाराचा हा तुकडा मधोमध टेकलेला असतो. एक बाजू दाबली की समोरची वर उचलली जाते, त्यामुळे डावे आणि उजवे एकदम दाबले जात नाही. न पाहताही अंगठ्याला कळते की आपण कुठे आहोत. सगळा शोध एवढाच. १९८२ च्या ‘डाँकी काँग’च्या हातातल्या आवृत्तीवर ते बटण पहिल्यांदा आले आणि पुढच्याच वर्षी निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या ‘फॅमिकॉम’वर बसले. भारतात घरोघरी आलेले, पिवळ्या कॅसेटचे व्हिडीओ गेम बहुतांशी या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. पेटंटमुळे मोठ्या स्पर्धकांना बटणाचा आकार थोडा बदलावा लागला. नकला करणाऱ्यांना अर्थातच पेटंटची पर्वा नव्हती. म्हणूनच आपल्याकडच्या पोरांच्या हातात योकोई यांचे बटण अगदी मूळ रूपात पोहोचले, फक्त त्यांचे नाव तेवढे आले नाही.

‘मुरलेले तंत्रज्ञान’ म्हणजे नेमके काय?

आपल्या कामाच्या पद्धतीला योकोई यांनी एक जपानी नाव दिले होते. इंग्रजीत त्याचे भाषांतर ‘सुकलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ अशा अर्थाने केले जाते आणि त्यामुळे ते जरा उदास वाटते. मूळ जपानी शब्दात वाळणे आहे, तसे पिकणे आणि अनुभवी होणेही आहे. मराठीत त्यासाठी चांगला शब्द आहे : मुरलेले. लोणचे मुरते, कारभारी मुरलेला असतो, तसे तंत्रज्ञान मुरते. ते सगळीकडे बनते, त्याच्या खोडी कळलेल्या असतात, दुरुस्ती सोपी असते आणि भाव उतरलेला असतो. त्याला त्याच्या नेहमीच्या कामातून उचलून आडव्या बाजूच्या, भलत्याच कामाला लावायचे, हा दुसरा भाग. हिशेबाचा पडदा खेळाला लावायचा, हे त्याचे उदाहरण.

याला जुगाड म्हणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. जुगाड वस्तू नसते म्हणून करावा लागतो आणि बहुधा एकाच ठिकाणी चालतो. योकोई यांच्याकडे पर्याय होते, कंपनीकडे पुढे पैसाही आला. महाग भाग परवडत असताना त्यांनी स्वस्त भाग निवडला आणि तो कोट्यवधींच्या संख्येने, वर्षानुवर्षे टिकेल असा वापरला. आखाती युद्धात बॉम्बहल्ल्यात होरपळलेला एक गेम बॉय निन्टेंडोच्या न्यूयॉर्कमधील दुकानात अनेक वर्षे मांडलेला होता. त्याचे कवच वितळले होते, पण पडदा चालू होता.

रंगीत स्पर्धकांपुढे काळा-पांढरा गेम बॉय का टिकला?

‘गेम अँड वॉच’ची मोठी उणीव म्हणजे एका यंत्रात एकच खेळ. कॅसेट बदलता येईल असे हातातले यंत्र करायचे ठरले. याचे सगळे श्रेय योकोई यांना देणे मात्र अन्यायाचे ठरेल. त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांच्या आठवणींनुसार, योकोई यांच्या डोक्यात सुरुवातीला खेळण्याच्या पातळीचे, अगदी साधे यंत्र होते. पूर्ण क्षमतेच्या, कॅसेटवर चालणाऱ्या यंत्राचा आग्रह ओकादा यांनी धरला आणि विभागप्रमुखाने तो अखेर मानला. बाजूने पाहिले तर दिसत नाही म्हणून पहिला पडदा अध्यक्षांनी नापसंत केला होता. तो बदलावा लागला.

२१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये गेम बॉय आला, किंमत १२,५०० येन. पडदा २.६ इंचाचा. त्यात हिरवट छटेचे चारच टप्पे होते आणि मागे प्रकाश नव्हता. प्रोसेसरची जात सत्तरच्या दशकातली. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीने रंगीत, मागून उजळणारा ‘लिंक्स’ आणला आणि १९९० मध्ये सेगाने रंगीत ‘गेम गिअर’. शेजारी ठेवले तर गेम बॉय गरीब नातेवाइकासारखा दिसे. स्पर्धक रंगीत यंत्र आणत आहेत ही बातमी विभागात आली तेव्हा सहकारी धास्तावले. योकोई मात्र निश्चिंत झाले, कारण त्यांनी सेलचा हिशेब केला होता.

रंगीत पडदा आणि त्यामागचा दिवा वीज खातो. गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि तीन ते पाच तासांत ते संपत. लिंक्सची गतही तशीच. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चाले. किंमतही लिंक्सच्या निम्मी होती. लहान मुलाच्या हातात दिलेल्या वस्तूचे सेल दर दोन दिवसांनी आणायचे, तर खर्च खेळणे घेणाऱ्याच्याच खिशातून जातो. तीन-चार वेळा सेल आणल्यावर रंगीत यंत्र कपाटात जाते.

हा हिशेब बीडच्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. परळीचे औष्णिक वीज केंद्र याच जिल्ह्यात असूनही इथल्या गावांनी भारनियमनाची लांबलचक वेळापत्रके पाहिली आहेत. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कोपीत तर वीज नसणेच गृहीत असे. तिथे उपयोगी पडायची ती सेलवर चालणारी बॅटरी आणि रेडिओ. अशा ठिकाणी यंत्राचे मोल त्याच्या पडद्यावर ठरत नाही. एका सेलवर ते किती चालते, पडल्यावर चालू राहते का आणि बिघडले तर किती रुपयांत नवे येते, यावर ठरते. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० या फोनने नेमके हेच ओळखले होते. रंगीत पडद्याचे फोन बाजारात असताना त्याला एकरंगी पडदा होता, कळफलकात धूळ जात नसे, वर टॉर्च होती आणि वेळ घालवायला ‘साप’. तो जगभरात २५ कोटींच्या आसपास विकला गेला. योकोई यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, पण विचार तोच होता.

गेम बॉयला दुसरा हात ‘टेट्रिस’ने दिला. मॉस्कोतील संगणकतज्ज्ञ अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये रचलेला हा ठोकळ्यांचा खेळ. त्याला रंग लागत नाहीत, वेगवान चित्रे लागत नाहीत आणि भाषाही लागत नाही. अमेरिकेत तो गेम बॉयच्या खोक्यातच दिला गेला आणि मुलांसाठी घेतलेले यंत्र आईवडील खेळू लागले. आपल्याकडचा ब्रिक गेम म्हणजे याच जोडीची, परवाना न घेतलेली सावली. पुढे गेम बॉय आणि त्याचा रंगीत अवतार मिळून ११ कोटी ८६ लाख यंत्रे विकली गेली. गेम गिअर एक कोटीच्या पुढे जेमतेम सरकला.

व्हर्च्युअल बॉय का फसला?

योकोई यांची पद्धत हमखास यशाची होती, असे म्हणता येत नाही. त्याचा पुरावा त्यांनी स्वतःच दिला. १९९५ मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ आला. दोन पायांवर टेबलावर उभा राहणारा चष्मा, आत डोळे घालून पाहायचे, आणि समोर खोली असलेले त्रिमितीय जग. आतले भाग मुरलेलेच होते : लाल एलईडी दिव्यांची रांग आणि थरथरणारे आरसे. तेव्हा लाल एलईडीच स्वस्त होते, म्हणून सगळे जग काळ्यावर लाल.

खेळणाऱ्यांची मान आणि डोके दुखू लागले. यंत्र सेलवर चाले, पण खिशात मावत नव्हते. घरी वापरायचे, तर टीव्हीवर जसे चौघे मिळून बघतात तसे बघता येत नव्हते. पूर्वीच्या प्रत्येक खेळण्यात योकोई यांनी माणूस ते कुठे आणि कसा धरून बसेल हे आधी पाहिले होते. इथे ते राहून गेले, की कंपनीच्या घाईत राहू दिले गेले, यावर जाणकारांत मतभेद आहेत. निन्टेंडोचे सगळे बळ तेव्हा ‘निन्टेंडो ६४’कडे वळले होते, हे खरे. व्हर्च्युअल बॉय आठ लाखांचा आकडाही गाठू शकला नाही आणि वर्षभराच्या आत बंद झाला.

निन्टेंडो सोडली, आणि नंतर...

१५ ऑगस्ट १९९६ रोजी योकोई यांनी ३१ वर्षांची नोकरी सोडली. अपयशाची शिक्षा म्हणून त्यांना जावे लागले, असे तेव्हा सगळीकडे छापून आले. त्यांनी स्वतः एका जपानी मासिकात लेख लिहून ते नाकारले. बाहेर पडून स्वतःचे काही करायचे आधीपासून मनात होते, असे त्यांचे म्हणणे होते. जाण्यापूर्वी त्यांच्या विभागाने गेम बॉयची सडपातळ ‘पॉकेट’ आवृत्ती पूर्ण केली होती. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत आलेल्या ‘पोकेमॉन’ने सात वर्षे जुन्या गेम बॉयला नवा जोम दिला होता. दोन यंत्रे तारेने जोडून मुलांनी आपापसांत प्राण्यांची अदलाबदल करायची, ही त्याची गंमत होती. ती तार जोडायची खाच गेम बॉयला पहिल्या दिवसापासून होती.

क्योटोतच त्यांनी ‘कोटो’ नावाची छोटी कंपनी काढली. बांडाई कंपनीसाठी हातातल्या नव्या यंत्राचे काम सुरू झाले, म्हणजे गेम बॉयला स्पर्धक तयार होऊ लागला. ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातल्या द्रुतगती मार्गावर त्यांची मोटार पुढच्या छोट्या ट्रकला धडकली. धक्का किरकोळ होता. काय नुकसान झाले ते पाहायला योकोई खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना धडक दिली.

बांडाईचे यंत्र ‘वंडरस्वान’ या नावाने ४ मार्च १९९९ रोजी जपानमध्ये आले. किंमत ४,८०० येन, पडदा रंगीत नव्हता, आणि ते एकाच पेन्सिल सेलवर तीस-एक तास चालत असे. त्याच्याबरोबर आलेल्या रेषा जोडायच्या कोड्याचे नाव होते ‘गुनपेई’.